छत्तिसाव्या चित्रातलं टेंगूळ

फोन आला तेव्हा रेघोटीबाई खिडकीतून खाली वाकून रंगाऱ्याला झापत होत्या. कुंपणाच्या भिंतीवर त्याने निळा पट्टा मारला होता आणि तो म्हणे सरळ होता. "सरळ? अरे, डावीकडे बोटभर उतरलाय तो! डोळे घरी ठेवून आलास काय?" रंगारी हसला, मग त्याने दोरी धरून पाहिली आणि हसायचा थांबला. बाईंचं वय शहात्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. तरी वाकडं ते वाकडं त्यांना दुसऱ्या मजल्यावरून दिसायचं. आयुष्यभर त्यांनी पगार घेतला तो याच एका गुणावर.

फोन पुतणीचा होता. धाकट्या दिराची मुलगी, विद्यापीठात गणित शिकवायची. ज्या विभागात बाईंनी तीस वर्षं काढली त्याच विभागात.

"काकू, उद्या जरा येऊन जाता का? छत्तीस नंबरच्या चित्राबद्दल विचारायचंय."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग विचार की. फोन कशाला असतो?"

"फोनवर नाही जमायचं. दाखवायला लागेल. दहाला या, मी गाडी पाठवते."

"गाडी नको. पाय आहेत मला," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. खालून रंगारी विचारत होता, बाई, आता बघा, आता बरोबर आहे का? बेचाळीस वर्षं त्या ज्या फोनची वाट पाहत होत्या, तो आज आला होता. छत्तिसाव्या चित्रात एक खोट होती. ती खोट कुठे आहे, किती आहे, कुणाची आहे, सगळं बाईंना पाठ होतं, आणि ती दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून त्या बेचाळीस वर्षं मूग गिळून बसल्या होत्या.

आता हे चित्र म्हणजे काय प्रकरण, ते आधी सांगायला हवं.

बाई बाविसाव्या वर्षी या विभागात आल्या त्या चुकूनच. इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण झालेलं, जाहिरातीत 'आरेखक पाहिजे' एवढंच वाचलेलं. त्यांना वाटलं, बांधकाम खातं असेल. मुलाखतीला गेल्या तर समोर विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत. त्यांनी विचारलं, "गणित कितपत येतं?"

"शाळेत काठावर पास झाले," बाईंनी खरं ते सांगून टाकलं. आता घालवणार, म्हणून पिशवी उचललीसुद्धा.

"उत्तम," सर म्हणाले. "म्हणजे मध्ये मध्ये अक्कल पाजळणार नाही. सोमवारपासून या."

सरांना एक पुस्तक करायचं होतं. नुसतं चित्रांचं. गणितात काही फलनं, म्हणजे फंक्शन्स, अशी असतात की ती सारखी कामाला येतात. ढोलाचं कातडं कसं थरथरतं, तापवलेल्या सळईतली ऊब कशी पसरते, काहीही मोजायला जा, दारात हीच मंडळी उभी. म्हणून त्यांना विशेष फलनं म्हणायचं. सर म्हणायचे, विद्यार्थी ही फलनं सूत्रांनी ओळखतात, चेहऱ्याने नाही. रस्त्यात भेटली तर ओळख दाखवणार नाहीत. तर या पुस्तकात प्रत्येक फलनाचा चेहरा असायला हवा: काही सपाट कागदावरच्या वक्ररेषा, आणि काही लांबी-रुंदी-उंची असलेले डोंगर, जाळीसारख्या रेघांनी उभे केलेले.

पहिल्याच महिन्यात हिशेबखात्याचा कारकून बाईंच्या टेबलाशी आला, चित्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, "या रेघोट्या ओढायचा पगार काढायचा का आम्ही?" झालं. तेव्हापासून रेघोटीबाई. आधी चिडल्या, भांडल्या, मग त्यांनीच टेबलावर तशी पाटी लावली. कारकुनाचं तोंड एवढंसं झालं.

काम मात्र रेघोट्यांचं नव्हतं हो. मोठा फळा, त्यावर ताणून बसवलेला कागद, काळी शाई, रेघेची जाडी स्क्रूने कमी-जास्त करायचं पेन, चुकलं तर शाई खरवडायला ब्लेड. बिंदू मांडून झाले की त्यांच्यावरून एक लवचिक पट्टी वाकवायची आणि ती हलू नये म्हणून शिशाची वजनं ठेवायची. बाई त्यांना कासवं म्हणायच्या. "माझी दोन कासवं कुणी नेली?" असा आवाज घुमला की अख्खा मजला कामाला लागायचा. आणि डोंगराच्या चित्रात तर सगळ्या रेघा आधी पेन्सिलीने काढायच्या, मग ज्या रेघा पुढच्या चढामागे लपतात त्या सोडून उरलेल्यांवरच शाई फिरवायची. शेवटी मागची बाजू खोडरबराने पुसून टाकायची. महिनाभर खपून काढायचं आणि अर्धं पुसायचं. बाईंना पहिल्या वेळी रडू आलं होतं.

सूत्रं त्यांना कधीच कळली नाहीत, पण स्वभाव कळले. बेसेलची फलनं थकत जाणारी, प्रत्येक लाट आधीपेक्षा बुटकी. एरीचं फलन म्हणजे एकीकडे नाचकाम आणि दुसरीकडे एकदम गप्प, पाहुणे गेल्यावरच्या घरासारखं. आणि गॅमा! गॅमाने बाईंना वेड लावलं. उजवीकडे शहाण्यासारखं वागतं, डावीकडे गेलं की दर घराला डोकं फिरतं, एकदा वर आभाळाला, एकदा खाली पाताळाला. आणि एवढे तमाशे करून शून्याला कधी शिवायचं नाही. कितीही जवळ जाईल, पण शिवणार नाही. "हट्टी आहे, पण तत्त्वाचं आहे," असं बाई म्हणायच्या.

बिंदू मांडायचे तर आकडे हवेत. ते काढायला विभागात एक गणक होते. तेव्हा संगणक म्हणजे माणूस असायचा, आणि त्याच्यापुढे हाताने फिरवायचं लोखंडी यंत्र. खर्र खर्र दांडा फिरवायचा, आकडा लिहायचा, पुन्हा फिरवायचा. या गणकाला सगळे आकडेबुवा म्हणत. बारीक, उंच, कमी बोलणारा माणूस, आणि अक्षर असं की छापखान्याने लाजावं. बाई आणि बुवा समोरासमोर बसायचे. बुवा वाचायचे, "एक पूर्णांक चार, शून्य पूर्णांक आठ आठ सात तीन." बाई टिंब द्यायच्या. "पुढे."

आणि मग बाईंचा तो प्रकार. पान झालं की त्या खाली वाकायच्या, गाल जवळजवळ कागदाला टेकवायच्या आणि एक डोळा मिटून बिंदूंच्या ओळीकडे आडवं बघायच्या. बघता बघता एखाद्या बिंदूवर बोट ठेवायच्या. "हा खोटं बोलतोय."

बुवा पहिल्यांदा भडकले. त्यांचा आकडा, आणि काठावर पास झालेली बाई म्हणते खोटा! तावातावाने पुन्हा यंत्र फिरवलं, अर्ध्या तासाने मान खाली घालून म्हणाले, "सहा आणि नऊची अदलाबदल झाली." तेव्हापासून नियमच ठरला. बाईंनी बोट ठेवलं की बुवा वाद घालायचे नाहीत. जुना आकडा खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर फक्त एक आडवी रेघ, वर नवा आकडा, बाजूला 'पुन्हा' हा शब्द आणि तारीख. रजिस्टरात असे तीसेक 'पुन्हा' होते, आणि त्यांत एकदाच बाई हरल्या. गॅमा एकला एक असतं आणि दोनलाही एक असतं, मधे थोडं खाली जातं. बाई हटून बसल्या की सर्वांत खालची जागा बरोबर दीडवर हवी. बुवांनी तीनदा आकडे काढले. खालची जागा दीडच्या जरा अलीकडेच निघाली. "तुमच्या मनात मध्यावर असेल, गॅमाच्या मनात नाही," बुवा म्हणाले. एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले म्हणून बाईंनी हार मानली.

लग्नाचंही असंच. एका दुपारी आकडे वाचता वाचता बुवा थांबले. बाई म्हणाल्या, "पुढे."

"पुढे आकडा नाही. पुढे लग्न करायचं का, असं विचारायचं होतं."

बाईंनी मान वर केली नाही. "आधी हे पान संपवा," म्हणाल्या. पान संपलं, आणि महिन्याभरात लग्न झालं. मोठ्या सरांनी आहेरात वक्ररेषा काढायच्या नवीन पट्ट्यांचा, फ्रेंच कर्व्हचा संच दिला, बाई आठवडाभर तोच कुरवाळत होत्या. बुवा म्हणाले, "माझ्यापेक्षा त्यालाच जास्त जपताय." बाई म्हणाल्या, "तो उलट बोलत नाही."

सुखाचे दिवस होते ते. मूल झालं नाही, त्याचं दुःख झालं, पण घरभर आकडे आणि चित्रं होती. जेवताना सुद्धा गॅमा. अकरा वर्षांत पस्तीस चित्रं झाली.

छत्तिसावं चित्र शेवटचं आणि सगळ्यांत मोठं. गॅमाचा डोंगर. सपाट मैदानावर प्रत्येक जागी गॅमाची किती उंची, ती उभी करायची. डावीकडे एकामागे एक सुळके, पाताळात जाणारेही वर उलटवून धरलेले. खरे तर ते आभाळात जातात, पण कागद संपतो म्हणून पाचावर छाटायचे. मधे एक कणा, आणि उजवीकडे वर चढत गेलेला उतार. कण्याच्या दोन्ही अंगांना आकार सारखाच, म्हणून आकडे एकाच अंगाचे काढायचे, तरी ते सव्वाचारशे भरले. एकेका आकड्याला अर्धा-पाऊण तास.

शंभर आकडे झाले आणि बुवांचं पोट दुखायला लागलं. महिन्याभरात कळलं की हे दुखणं बरं होण्यातलं नाही. मोठे सर घरी आले, म्हणाले, काम राहू दे, दुसरा माणूस बघू. बुवांनी मान हलवली. मग शिपायाने यंत्र आणि रजिस्टर घरी आणून पलंगाशेजारी ठेवलं. दिवसा बाई विभागात चित्राला बसायच्या, शेजारची मानलेली बहीण बुवांजवळ थांबायची. जरा बरं वाटलं की बुवा उशीला टेकून यंत्र फिरवायचे. संध्याकाळी बाई घरी आल्या की दिवसाचे आकडे चिठ्ठीवर लिहून तयार. कधी बारा, कधी सहा, कधी दोन. बाई कधी विचारायच्या नाहीत की आज कमी का.

एका संध्याकाळच्या चिठ्ठीवर चार आकडे होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते मांडले, सवयीने गाल कागदाला टेकवला, आणि त्यांना ते दिसलं. एकावर अर्धा अशी जागा, म्हणजे कण्यावर एकपर्यंत जायचं आणि तिथून बाजूला अर्धं. बुवांनी उंची दिली होती शून्य पूर्णांक आठ सहा दोन दोन. कण्यावरून उतार कसा छान घसरत येत होता आणि नेमका तिथे फुगला होता. दोन मिलिमीटरसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाला दिसलंही नसतं. बाईंना मात्र ते कपाळावरच्या टेंगळासारखं दिसत होतं.

नियमाने बोट ठेवायचं. संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं, हा खोटं बोलतोय. त्या तशाच निघाल्या. घरी पोचल्या तर बुवा बसून होते, घामाघूम, दांड्यावर हात. औषधांनी डोळे जड झालेले. बाईंना बघून म्हणाले, "आज सात काढले! सात! डोकं अजून चालतंय हां माझं."

सांगा बरं, काय बोलणार त्या? सगळं गेलं होतं त्या माणसाचं. अन्न गेलं, झोप गेली, चालणं गेलं. एक डोकं राहिलं होतं. बाईंनी शब्द गिळला, म्हणाल्या, "चालणारच. मला माहीत नाही का?" आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडल्या.

मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या धंद्यात पापच होतं. पट्टी त्या खोट्या बिंदूवरून वाकवली, कासवं ठेवली आणि टेंगळासकट शाई फिरवली. नाहीतर आकडा सोडून नुसत्या नजरेने सरळ उतार काढता आला असता, हात तयार होता. पण मग चित्र घरी नेऊन दाखवलं असतं, आणि बुवांनी मोजून पाहिलं असतं, आणि त्यांना कळलं असतं की बायकोने न सांगता आपला आकडा टाकून दिला.

चित्र पुरं झालं तेव्हा त्या ते गुंडाळून घरी घेऊन गेल्या. बुवांनी पलंगावर पसरायला लावलं. बराच वेळ बघत होते. मग मोठ्या कष्टाने कुशीवर वळले, गाल कागदाजवळ नेला आणि एक डोळा मिटून आडवं बघितलं, अगदी बाईंसारखं. बुवा पुन्हा उताणे झाले आणि म्हणाले, "छान झालंय. सगळ्यांत छान." नऊ दिवसांनी ते गेले.

शिपाई यंत्र आणि रजिस्टर विभागात परत घेऊन गेला. कपाटात ठेवून कुलूप लागलं. पुस्तक निघालं, पहिल्या पानावर बारीक अक्षरांत दोघांची नावं आली, एक गणनाला, एक आरेखनाला. लोकांनी वाहवा केली. बाई पुढे अठरा वर्षं त्याच विभागात होत्या, पण ते कपाट त्यांनी कधी उघडलं नाही. बुवांचं अक्षर बघायची ताकदच नव्हती. आणि पुस्तक कुणी हातात घेतलं, पानं चाळता चाळता छत्तीसवर आलं की त्या काहीतरी निमित्त काढून बाहेर जायच्या. बुवांच्या नावावर एक खोटा आकडा होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने शाईत कोरला होता.

तर आता पुतणीचा फोन. पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार, सगळी चित्रं नव्याने संगणकावर काढणार आणि प्रत्येक जुन्या चित्राशी ताडून बघणार, हे बाईंना माहीत होतं. संगणकाला काय, लाज ना भीड. बाईंनी रात्रीच ठरवून टाकलं. सांगायचं, चूक माझी. हात हलला, पट्टी सरकली, काय ते. मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं? माझं काय, मी जिवंत आहे, शिव्या द्यायच्या तर तोंडावर द्या.

सकाळी दहाला त्या विभागात पोचल्या. जिना तोच, कठडा नवा. त्यांची जुनी खोली बघून मात्र जीव हळहळला. फळा नाही, टेबल नाही, पाण्याचं यंत्र आणि ओळीने संगणक. खिडकी तेवढी होती, आणि खिडकीतून येणारा उजेड डावीकडूनच पडत होता.

"बसा काकू," पुतणी म्हणाली. "आधी हे तर बघा."

पडद्यावर डोंगर उभा राहिला. गॅमाचा. सुळके, कणा, उतार, सगळं. बाई बघतच राहिल्या.

"किती वेळ लागला?"

"काढायला? सेकंदभर." पुतणीला बोलून झाल्यावर वाईट वाटलं. "म्हणजे, तसं सूत्र वगैरे लिहावं लागतं..."

"चार महिने लागले आम्हाला," बाई म्हणाल्या. पण त्यात तक्रार नव्हती. त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. पुतणीने माउसवरचा हात हलवला होता आणि डोंगर फिरायला लागला होता. फिरत फिरत त्याची मागची बाजू पुढे आली. बाईंनी पदर तोंडाला लावला. ही बाजू त्यांनी पेन्सिलीने काढली होती, रेघ न् रेघ, आणि मग स्वतःच्या हाताने पुसली होती. बुवांना म्हणाल्या होत्या, अहो, एवढं सुंदर आहे आणि कुणाला दिसणारच नाही. आज ते खोलीत फिरत होतं.

"त्यांना दाखवायला हवं होतं गं," बाई म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मग एकदम ताठ बसल्या. आले कशाला आणि करतेय काय? "हे बघ, छत्तीसबद्दल तुला काय विचारायचंय ते मला ठाऊक आहे. एकावर अर्धा. तिथे उंची जास्त आहे. ती चूक माझी."

पुतणीने खुर्ची बाईंकडे वळवली.

"पट्टी सरकली माझी. कासव नीट ठेवलं नव्हतं. तुझ्या काकांचा आकडा बरोबर होता. लिहून टाक तसं, आरेखनाची चूक म्हणून."

"पट्टी सरकली?" पुतणी म्हणाली. "तुमची?"

"का? मी काय देव लागून गेले? माणसाचा हात आहे, चुकतो!" बाईंचा आवाज चढला. "आणि तू काय माझी उलटतपासणी घेतेस?"

पुतणीने खण उघडला आणि जाडजूड, काळ्या पाठीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं. बाईंनी खुर्ची मागे सरकवली.

"ते नको उघडूस."

"काकू, बघा ना. परवा चित्र जुळेना म्हणून मी कपाट उघडलं. कुणाचं चुकलंय ते बघायला." तिने खुणेचं पान काढलं. "माझ्याने वाचून झाल्यावर बसवेना. म्हणून तुम्हाला फोन केला."

बाईंनी चष्मा पुसला. एकदा, दोनदा. मग खाली पाहिलं. तेच अक्षर. फक्त हललेलं. ओळीत शून्य पूर्णांक आठ सहा दोन दोन, त्यावर एक आडवी रेघ. वर शून्य पूर्णांक आठ दोन सहा दोन. बाजूला 'पुन्हा' आणि तारीख. तारीख बाई विसरणं शक्यच नव्हतं. चित्र घरी आणून दाखवलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

त्या दिवशी बाई विभागात आल्या होत्या, चित्र सरांना द्यायला. आणि घरी त्या माणसाने, ज्याला पेला उचलवत नव्हता, तो लोखंडी दांडा फिरवत अर्धा-पाऊण तास काढला होता.

तारखेच्या खाली पेन्सिलीने आणखी एक ओळ होती. वेडीवाकडी, उतरत गेलेली. 'तिला ठाऊक आहे. चित्र राहू दे.'

बाईंनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. पुतणीला वाटलं आता रडतील, तिने पाण्याचा पेलाही भरला. पण बाईंचा चेहरा लालबुंद झाला आणि त्यांनी टेबलावर हात आपटला.

"लबाड! लबाड कुठले!" त्या रजिस्टरावरच ओरडल्या. "छान झालंय म्हणे! सगळ्यांत छान! डोळ्यांत डोळे घालून बोललात हो! बेचाळीस वर्षं मी एकटी हे घेऊन फिरतेय, रात्री दचकून उठतेय, आणि तुम्ही इथे लिहून कुलपात मोकळे! एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं, पुतणीने हातानेच जा म्हटलं. बाईंना बोलता बोलता धाप लागली. मग त्या हसायला लागल्या. मग हसण्याचं रडणं झालं, आणि ते बराच वेळ थांबेना. पुतणी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मीच तरी कुठे बोलले," शेवटी बाई म्हणाल्या. पाणी प्यायल्या. नाक पुसलं.

जरा वेळाने पुतणी चाचरत म्हणाली, "काकू, नव्या चित्रात खरा आकडाच येईल. पण तुमचं हे चित्र मला शेवटच्या पानावर छापायचंय, आहे तसं. तुम्ही दोघांनी केलेलं म्हणून. फक्त खाली टीप द्यावी लागेल. काय लिहू? तुम्ही नको म्हणालात तर नाही छापणार."

"नको कशाला? छाप. घे लिहून." बाईंनी पाठ सरळ केली. बुवा आकडे सांगायचे तशा, एकेक शब्द सुटा करून सांगू लागल्या. "या चित्रात एकावर अर्धा या जागी उंची चुकलेली आहे. खरी उंची, शून्य पूर्णांक आठ दोन सहा दोन. चित्र काढणारीला हे ठाऊक होतं. आकडा काढणाऱ्यालाही ठाऊक होतं."

पुतणीची बोटं थांबली. "वाचणारा विचारेल ना काकू. दोघांना ठाऊक होतं, मग दुरुस्त का नाही केलं?"

"विचारू दे की," बाई म्हणाल्या. "गणिताचं पुस्तक आहे ते. सगळंच कशाला सांगायचं?"

पुतणीने टीप तशीच ठेवली.